आत, बाहेर, उभा

माझा आणि माझ्या साडूचा नऊ वर्षं छत्तीसचा आकडा आहे, आणि ही नऊही वर्षं आम्ही एकाच मजल्यावर, तीन दारं सोडून काम करतो. तो कण बनवतो. ते कण पेशीत जाऊन काय करतात ते मी बघतो. म्हणजे त्याने केलेलं मला बघावं लागतं आणि मी बघितलेलं त्याला मानावं लागतं. दोन साडवांना एकमेकांच्या जिवावर उठवायचं ठरवून कुणी नोकऱ्या शोधल्या असत्या, तरी याहून चांगल्या सापडल्या नसत्या.

कामाचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. केसाच्या जाडीत तीन-चार मावतील एवढी माणसाची एक पेशी. तिच्यात धाग्यांचे रूळ पसरलेले असतात आणि त्या रुळांवर प्रथिनांच्या मोटरी चालतात. चालतात म्हणजे खरोखर चालतात, पाऊल टाकत. एक जात केंद्रकाकडून बाहेर, पेशीच्या कडेला जाते. दुसरी कडेकडून आत, केंद्रकाकडे येते. पेशी त्यांच्याकडून सारखं सामान वाहून घेत असते. आता औषध भरलेला कण पेशीत शिरतो खरा, पण बहुतेकदा कडेलाच लोळत पडतो, आणि औषधाला तर जायचं असतं आत. साडूचं म्हणणं असं, की कणाला एक बारीकसा हूक लावायचा. तो हूक आत जाणाऱ्या मोटरला अडकेल, मोटर आपल्या नेहमीच्या वाटेने चालत राहील आणि कण आयता आत पोचेल. कल्पना चांगली आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

माझं काम मोजायचं. गरम पेटीतल्या डिशमध्ये जिवंत पेशी, खाली सूक्ष्मदर्शक, आणि तीस-तीस सेकंदांच्या फिल्म. पडद्यावर कण हिरवे दिसतात, केंद्रक निळं, वर चौकोनांची जाळी. केंद्रकाच्या दिशेने सलग तीन चौकोन ओलांडले आणि मध्ये एका सेकंदाहून जास्त थांबला नाही, तर तो कण ‘आत’. उलट्या दिशेने गेला तर ‘बाहेर’. बाकी जागच्या जागी थरथरणारे सगळे ‘उभे’. दोन कण एकमेकांना चिकटलेले दिसले तर ते जोडकण, ते मोजायचेच नाहीत. संगणकही मोजतो, पण दोन कण एकमेकांवरून गेले की तो याचं नाव त्याला लावून मोकळा होतो. म्हणून शेवटचा शब्द माणसाच्या डोळ्याचा, आणि आमच्याकडे सतरा वर्षं तो डोळा माझा होता.

मी शिकलेला नाही. मी कॅमेरे दुरुस्त करायचो. सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यात बुरशी धरली म्हणून एक दिवसासाठी बोलावलं, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला ठेवूनच घेतलं. अजूनही त्या मला ‘कॅमेरावाले’ म्हणतात. बाहेरची मोठमोठी माणसं येऊन विचारायची, ‘ही मोजणी कुणाची?’ बाई नुसता माझ्याकडे हात करायच्या आणि विषय तिथेच संपायचा. घर, बायको, तब्येत सगळ्यांचंच असतं, पण माझ्यापाशी माझं म्हणावं असं एवढंच होतं.

साडू डॉक्टर आहे. नाडी बघणारा नव्हे, प्रबंध लिहिणारा. माझ्या धाकट्या मेहुणीशी त्याचं लग्न झालं, त्यानंतरच्या पहिल्याच जेवणाला सासऱ्यांच्या घरी सोळा माणसं बसली होती. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही तिथे नक्की काय करता? माझ्या तोंडात घास होता. तेवढ्यात हा म्हणाला, “साडूभाऊ ना? साडूभाऊ बटण दाबतात. पण काय सुरेख दाबतात!” उचलली जीभ लावली टाळ्याला. सोळाच्या सोळा माणसं हसली. सासरेबुवा तर ठसका लागेपर्यंत हसले. बायकोही हसली, आणि घरी आल्यावर म्हणाली की मला खोकला आला होता.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. काम असेल तर चिठ्ठी. कॉरिडॉरमधल्या फ्रिजच्या दारावर मी चिठ्ठी लावायची, त्याने काढून न्यायची. ‘बाटलीवर तारीख नाही.’ ‘जोडकण फार. निम्मी फिल्म फुकट.’ ‘पुन्हा जोडकण.’ समोरासमोर आलो तर मी त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचो, तेही असं की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

बाई काही दुधखुळ्या नाहीत. तो इथे आल्याच्या दुसऱ्या महिन्यातच त्यांनी नियम केला. डिशवर नाव नाही, नुसतं अक्षर. कुठल्या अक्षरात काय ते एका पाकिटात, पाकीट बंद, आणि ते बाईंच्या कुलपात. “तुमचं नातं मला माझ्या मोजणीत नकोय,” त्या म्हणाल्या. मला राग आला नाही. मी स्वतः नव्या माणसाला पहिला धडा तोच देतो, की कुठली डिश कुणाची हे कळलं तर त्याच मिनिटाला उठायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. मोजणाऱ्याला कळता कामा नये.

या वर्षी गोष्ट निकराला आली. साडूचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. वरच्या समितीने सरळ अट घातली. शंभर नुसते कण आणि शंभर हूकवाले कण मोजा. हूकवाले निदान दुप्पट आत गेले तर काम पुढे चालेल आणि डॉक्टर कायम. एक जरी कमी पडला तर रामराम. तसं झालं तर त्याला दूरच्या गावी दुसरी जागा बघावी लागणार होती, आणि अर्थात मेहुणीलाही. दोघी बहिणी एकमेकींपासून चार गल्ल्यांवर राहतात. बायको महिनाभर डोळ्याला पदर लावून हिंडत होती आणि मध्येच माझ्याकडे बघत होती, जणू मीच कुणाला हाकलायला निघालोय.

बाईंनी चार डिश दिल्या. क, ख, ग, घ. प्रत्येकातले पन्नास कण मोजायचे. मी दार लावलं, दिवा मालवला आणि ‘ख’ची पहिली फिल्म लावली. जिकडे बघावं तिकडे जोडकण. ‘घ’ लावली, तिथेही तेच. ‘क’ आणि ‘ग’ स्वच्छ, एकेक कण सुटा.

आता साडूच्या हूकवाल्या कणांची खोडच ही, की हुकात हूक अडकून त्यांच्या जोड्या होतात. त्यावर मी त्याला चिठ्ठ्या लिहून लिहून थकलो होतो. म्हणजे ख आणि घ त्याचे. मला कळलं. त्याच मिनिटाला उठून बाईंकडे जायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली.

एक लक्षात घ्या, मी खोटं असं काही लिहिलं नाही. जो कण सरळ आत गेला त्याला मी आतच म्हटलं. पण शंभरात तीस-चाळीस कण संशयाचे असतात. कुणी तीन चौकोनांना केसभर कमी पडतो. कुणी थांबतो, तो एक सेकंद की सव्वा ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी वाकड्या वाटेने जातो. एरवी मी अशा कणाशी पाच-पाच मिनिटं झटतो. त्या दिवशी नाही. ख आणि घ मध्ये मी कर्दनकाळ झालो. जरा अडखळला, उभा. जरा वाकला, उभा. क आणि ग मध्ये मात्र माझ्या मनाचा मोठेपणा काय वर्णावा! अरे, थकला असेल बिचारा, घ्या त्याला आत. सतरा वर्षांत मोजताना एवढी मजा मला कधी आली नव्हती. मी चक्क गुणगुणत होतो.

क आणि ग मधले कण आत जात होतेही भराभर. नुसत्या कणांनी एवढं पळावं याचं नवल वाटायला हवं होतं. नुसत्यांतलेही वीस-पंचवीस आत जातातच, पेशी त्यांना गिळते आणि आपल्या गाडीने नेते. पण इतके? मी मनात म्हटलं, याचा हूकच उलटा बसलेला दिसतोय, बरं झालं. द्वेषाने माणूस आंधळा होतो म्हणतात. मला तर नको तेवढं दिसत होतं.

संध्याकाळी बाईंच्या टेबलावर कागद ठेवला. ख आणि घ मिळून नऊ. क आणि ग मिळून अठ्ठावन्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर बाईंनी कुलूप उघडलं, पाकीट फोडलं आणि फळ्याकडे वळल्या. साडू खिडकीपाशी उभा होता, शर्टाची बाही खाली-वर करत. मी मागच्या रांगेत पाय लांब करून बसलो होतो.

“क आणि ग, हूकवाले,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “ख आणि घ, नुसते.”

“उलट असेल बाई,” मी म्हणालो. त्या खोलीत मी कधी तोंड उघडत नाही, त्यामुळे सगळ्यांनी वळून बघितलं.

बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. अक्षर त्यांचंच होतं.

“त्या नुसत्यांमध्ये जोड्या फार असतील ना?” साडू खिडकीपासून म्हणाला. “तीन आठवडे फ्रिजमध्ये बसून होते ते. हूकवाले मी आदल्या दिवशी ताजे गाळून दिले. बारीक गाळणी घेतली यावेळी. साडूभाऊंच्या चिठ्ठ्या होत्या ना, जोडकण फार म्हणून.”

नऊ वर्षांत त्याने माझी एक चिठ्ठी मनावर घेतली, आणि ती नेमकी ही!

फळ्यावर अठ्ठावन्न आणि नऊ. मागितलं होतं दुप्पट, मी काढून दिलं होतं सहापट. बाई हसत होत्या. त्या हसतात हेच काहींना नवीन होतं. साडू खोली ओलांडून आला, त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “साडूभाऊ, मला वाटलं होतं तुम्ही माझा गळा कापणार. मी तुम्हाला ओळखलंच नाही. चुकलो.” त्याचे तळवे घामेजले होते. मला हात सोडवून घ्यायचा होता आणि तो सोडत नव्हता.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मेहुणीचा फोन आला. “भावोजी,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मग म्हणाली, “तुमच्यामुळे आम्ही इथेच राहणार.” बायकोने मला आग्रह करकरून वाढलं. “मोठेपणा म्हणतात तो असा,” ती म्हणाली. “मी उगीच तुम्हाला काहीबाही बोलायचे.” लग्नाला चोवीस वर्षं झाली, ती माझ्याकडे अशी बघते हे मी विसरूनही गेलो होतो. मी भात नुसता कालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आणखी एक धोंडा टाकला. शोधनिबंध छापायला जाणार होता, आणि ‘मोजणी’ म्हणून त्यावर माझं नाव जाणार होतं. छापील नाव. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

तीन दिवस मी मूग गिळून बसलो. चौथ्या दिवशी गेलो आणि सांगितलं. ते सचोटीबिचोटीमुळे नव्हे, गैरसमज नको. हा माणूस जन्मभर त्या खुर्चीवर बसणार, कायम होऊन, आणि ती खुर्ची माझ्या लबाडीने मिळालेली असणार. मी त्याला खड्ड्यात घालायला गेलो आणि खांद्यावर घेऊन वर चढवला! हे मला सहन होईना. आणि दुसरं, माझ्या नावाखाली जो आकडा छापला जाणार होता तो मी बघितलेलाच नव्हता. कुठलं जास्त टोचत होतं विचाराल, तर पहिलंच.

बाईंच्या खोलीत तोही होता, कसल्या तरी कागदावर सही करत. बरंच झालं म्हटलं, एका दमात दोघांना सांगता येईल. मी उभ्या उभ्या सांगितलं. जोडकण दिसले, मला वाटलं हे यांचे, म्हणून मी त्यांच्यात काटेकोर झालो आणि दुसऱ्यांत सैल सोडलं. आकडा खोटा आहे.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कॅमेरावाले, तुम्हाला त्यांचं बरं झालेलं बघवत नाही हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे. पण या थराला जाल असं वाटलं नव्हतं.”

“बाई, मी खरं सांगतोय.”

“सतरा वर्षांत तुमचा एक आकडा चुकला नाही, आणि जो त्यांच्या फायद्याचा निघाला तेवढाच चुकला? घरी जा. दोन दिवस रजा घ्या.”

 आयुष्यात एकदा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला आलो, तर कुणी पाय पुढे करू देईना.

“बाई,” साडू म्हणाला. त्याने पेन खाली ठेवलं होतं. “ते खरं बोलतायत.”

“तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच बोलतोय. नुसत्यांतले नऊच? नेहमी वीसच्या वर असतात. मला फळ्यावर बघितल्या बघितल्या खटकलं होतं. मी गप्प बसलो.” तो बाईंशी बोलत होता, पण बघत माझ्याकडे होता. “आणि यांना मी नऊ वर्षं ओळखतो. माझ्या पानात बरा तुकडा पडला तर यांना ठसका लागतो. माझे कण ओळखू आल्यावर यांनी मला सोडलं असेल? शक्यच नाही.”

त्या खोलीत माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटा होता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बाईंनी त्याच्यापुढचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाकडून मोजून घेऊ. बाहेरून कुणी बोलावू.”

“नको,” साडू म्हणाला. “यांनीच मोजायचं. डिशवर नावं लिहून, मी शेजारी बसतो. आकडा आला तर कुणी म्हणायला नको की आपल्या माणसाने मोजलं. मी ज्याच्या डोळ्यांत सलतो त्याने मोजलेलं कुणाला खोडता यायचं नाही. आणि एखाद्या कणावर आमचं दोघांचं जमलं नाही, तर तो उभा.”

“ठीक,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ही मोजणी झाली की तुम्ही पुन्हा मोजायचं नाही.”

तीच मोजणी, त्याच फिल्म, पण अंधाऱ्या खोलीत आता दोन खुर्च्या. खोली एवढीशी, गुडघ्याला गुडघा लागत होता. पेटीचा पंखा घरघरत होता. त्याला माझ्या स्वेटरचा वास येत असणार, मला त्याच्या साबणाचा येत होता. दोन दिवस आम्ही तसे बसलो. नऊ वर्षांत बोललो नव्हतो त्याहून जास्त त्या दोन दिवसांत बोललो, आणि त्यात धड असं एक वाक्य नव्हतं.

“उभा.”

“आत आहे. डोळे उघडा डॉक्टरसाहेब.”

“थांबला तो.”

“अर्धा सेकंद. मोजा ना, तुम्ही शिकलेले आहात.”

“मग मघाच्या कणाला अर्ध्या सेकंदासाठी का मारलं?”

“मघाचा दीड सेकंद थांबला होता. मागे घेऊन दाखवू?”

“दाखवा.”

मी दाखवायचो. तो दात खाऊन मानायचा. कधी मी मानायचो. आधी नुसते कण घेतले. हे कण जितके कमी आत जातील तितकं त्याच्या फायद्याचं, म्हणून तो ‘उभा, उभा’ करत बसेल असं मला वाटलं होतं. दोनदा त्याने केलंही. पण बाकी वेळी तो बघून बोलत होता, हे मला कबूल करावं लागेल. आणि मीही. नुसते भरले बावीस. म्हणजे त्याला हवे होते चव्वेचाळीस.

मग हूकवाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ‘क’ संपली, ‘ग’ निम्मी झाली. मी कागदावर खुणा करत होतो, आणि तो मनात बेरीज करत होता ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं. नव्व्याण्णव कण झाले तेव्हा त्रेचाळीस आत होते. उरला एक.

तो पेशीच्या कडेजवळ होता. पहिली पाच सेकंदं नुसता थरथरला. मग निघाला. दोन चौकोन सरळ केंद्रकाकडे गेला, चांगला झपाट्याने. मग अंधुक झाला. कण जरा खोल गेला की तसं होतं, भिंगाच्या टप्प्याबाहेर जातो. चार चित्रं तो जवळजवळ दिसतच नाही, आणि त्याच वेळी खालच्या बाजूने दुसरा एक कण तिथे आडवा येतो. पुढच्या चित्रात अर्धा चौकोन पुढे एक कण झळकतो आणि तिथून दीड चौकोन आत जातो. आता हा पहिलाच की खालून आलेला दुसरा, हाच प्रश्न. पहिला असेल तर चार चौकोन, आत. दुसरा असेल तर पहिला हरवला, उभा.

मी फिल्म मागे घेतली. पुन्हा बघितली. मग एकेक चित्र करून बघितली. अकरा वेळा तरी बघितली असेल. खरं सांगतो, त्या वेळी शेजारी कोण बसलंय हे माझ्या डोक्यातही नव्हतं. त्रेचाळीस की चव्वेचाळीस तेही नव्हतं. पहिल्याचा उजेड किंचित मंद होता, दुसऱ्याचा प्रखर. झळकला तो मंद होता. आणि दुसरा चौथ्या चित्रानंतर मागेच राहिलेला, धाग्याच्या कडेला, अगदी फिकट का होईना, मला दिसला. अशा कणांसाठीच तर मला ठेवलं होतं.

“आत,” मी म्हणालो.

तो पडद्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

“त्रेचाळीस झालेत,” तो म्हणाला. “हा चव्वेचाळिसावा. आणि तुम्ही म्हणता आत.”

“आत आहे म्हणून आत म्हणतो.”

“मला तुमची भीक नकोय.”

“भीक कसली? बघा तर खरं. हा मंद आहे, तो प्रखर—”

“मला दोन्ही सारखे दिसतात.”

“कारण तुम्हाला बघता येत नाही! मला येतं.”

“मागच्या आठवड्यात याच खुर्चीवर बसून तुम्ही डोळ्यांत तेल घालून माझे कण मारत होता,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. “आज नेमका शेवटचा, नेमका मला हवा तेवढा एकच, आत जातो. बायकोने रडून दाखवलं का? की बाईंची भीती वाटली? मी इथे राहीन आणि तुम्ही रोज तीन दारांपलीकडून मला बघाल आणि मनात म्हणाल, याला मी ठेवलाय. नाही साडूभाऊ. त्यापेक्षा मी जातो.”

“अहो, गेलाय तो आत! माझ्यावर नका ठेवू विश्वास, कणावर ठेवा. ही बघा—” मी पुन्हा फिल्म लावली. त्याने मान वळवली नाही. मी त्याचा दंड धरला आणि त्याला पडद्याकडे ओढलं. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, दुसऱ्या माणसाला खेचून हिरवा ठिपका दाखवत होतो. त्याने दंड सोडवून घेतला.

“दोघांचं जमलं नाही तर उभा. ठरलंय आपलं.”

त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शंभराव्या ओळीवर स्वतः लिहिलं, ‘उभा’. खाली बेरीज केली. त्रेचाळीस. सही केली, कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली नाही, तर तो म्हणाला, “नसू द्या,” आणि कागद घेऊन बाईंकडे गेला.

महिनाअखेर ते गेले. सामान बांधायला बायको गेली होती, मला कुणी बोलावलं नाही. परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. दोन दिवसांनी मला म्हणाली, “एकाने पाडलंत ना त्याला? एका कणाने?” मी सांगितलं, मी आत म्हणालो होतो, त्याने स्वतःच्या हाताने उभा लिहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. चोवीस वर्षांत मी तिला जेवढ्या थापा मारल्या असतील, त्यांतली ही सगळ्यांत वाईट, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

सूक्ष्मदर्शकावर आता एक नवी मुलगी बसते. मी भिंगं पुसतो, पेटीचं तापमान बघतो, कॅमेरे दुरुस्त करतो. ती फिल्म मात्र मी ठेवलीय. एकदा जेवणाच्या सुट्टीत बाईंना बळेच बोलावून बसवलं आणि लावली. काही बोललो नाही. म्हटलं, त्यांचं त्यांना दिसू दे. त्यांनी तीनदा बघितली. चौथ्यांदा एकेक चित्र करून बघितली, अगदी नाक पडद्याला लावून. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“मला नाही सांगता येत,” त्या म्हणाल्या. “एरवी अशा वेळी मी तुम्हाला विचारलं असतं.”